तारामाशाचा हात

१२ जानेवारी, सोमवार

समुद्र सुरू झाला एकदाचा! भिंतीवर निळ्या कागदाचं पाणी, कंपन्यांतून आलेल्या पुठ्ठ्यांचे मासे, बबल रॅपची जेलीफिश. माझ्या बालवाडीतल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही. गणराजने विचारलं, त्याला पलीकडचा काठ का नसतो. सांगता सांगता मीच अडकले.

मग मिठाच्या कणकेचे तारामासे केले. यशोधराच्या माशाचा एक हात तुटला आणि ती रडकुंडीला आली. मी सांगितलं, खऱ्या तारामाशाचा हात तुटला की नवा उगवतो. रडणं तिथेच थांबलं. मग घरी जाईपर्यंत तेच – कसा उगवतो, कुठे उगवतो. मी म्हटलं, खाऱ्या पाण्यात, हळूहळू. पाच वर्षांच्या मुलीला एवढं कुतूहल! खुशीत घरी आले.

१५ जानेवारी, गुरुवार

यशोधरा आली नाही. आमच्या मदतनीस छबूबाईंनी बातमी आणली. तिचे वडील, धम्मरत्न, कुदळवाडीच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काम करतात. काल उजवा हात मशीनमध्ये सापडला. मनगटापासून काढावा लागला.

सांगताना छबूबाई स्वतःचं मनगट धरून उभ्या होत्या.

२१ जानेवारी, बुधवार

यशोधरा आली आज. वडील घरी आलेत. बाकीची मुलं खेकडे करत होती, ही एकामागून एक तारामासेच करत राहिली.

सुटताना माझी ओढणी धरून म्हणाली, "ताई, मोठ्या माणसाचा उगवायला किती दिवस लागतात?"

दारात आयांची गर्दी. मी म्हटलं, उद्या बोलू.

२२ जानेवारी, गुरुवार

उशीर झाला होता.

सकाळी यशोधराची आई आली, आम्रपाली. काल संध्याकाळी ती नळावर होती, धम्मरत्न झोपले होते, आणि यशोधराने वाटीत मीठ कालवून ते पाणी त्यांच्या बँडेजवर ओतलं. ते किंचाळून उठले. ही कॉटखाली जाऊन बसली. ड्रेसिंग पुन्हा करावं लागलं, टाके लाल झालेत, ताप आहे.

"ताई, लेकराला काय सांगितलं तुम्ही?" आवाज चढवलाही नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

छबूबाईंना घेऊन यशोधराच्या खोलीवर गेले. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला खरं ते सांगा. गोड बोलून न्हाई भागायचं."

धम्मरत्न भिंतीकडे तोंड करून पडलेले. वळून पाहिलंसुद्धा नाही. मी यशोधराजवळ जमिनीवर बसले.

"माणसाचा हात परत उगवत नाही, यशू. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती रडली नाही. उठली आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. ते आणखी भिंतीकडे सरकले.

ते बघवेना. काहीतरी वाईट होणार असं वाटत राहिलंय. बोलू कुणाशी?

२४ जानेवारी, शनिवार

ताप उतरलाय म्हणे. भिंतीवरचा समुद्र काढायला घेतला, मग राहू दिला.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी बापलेक दोघंही दारात! धम्मरत्नच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, हिला सोडायला आलोय. पण ती त्यांचा डावा हात सोडेना. शेवटी तेही सतरंजीवर बसले.

गणराजने थेट विचारलं, "काका, दुखतं का?"

मी त्याला गप्प करणार होते. धम्मरत्नने टॉवेलकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोटं दुखतात. जी नाहीत ती."

"नाहीत तर दुखतात कशी?"

"मलाही कळत नाही रे."

पोरं सरकत सरकत जवळ आली. यशोधराने टॉवेल बाजूला केला आणि सगळ्यांना दाखवलं – इथपर्यंत आहे. कुणी घाबरलं नाही. घाबरले होते ती एकटी मीच.

मग गणराजने कागद ताणून धरला आणि धम्मरत्नने डाव्या हाताने लाट कापली. वाकडीतिकडी झाली. ते ती चुरगाळणार, तेवढ्यात यशोधरा म्हणाली, "लाट वाकडीच असते, बाबा."

३० जानेवारी, शुक्रवार

आम्रपालीचा फोन. धम्मरत्नने काल तिला सांगितलं – मंगळवारी ते बालवाडीत यायला निघालेच नव्हते. इंद्रायणीच्या पुलाकडे निघाले होते. यशोधरा दप्तर घेऊन मागे धावली आणि म्हणाली, मला शाळेत सोडा.

आज नवरा-बायको दवाखान्यात गेलेत. हात दाखवायला नाही, मनाच्या डॉक्टरांकडे.