उजवा कौल

मसुरे, गुरुवार

चि. आकांक्षा,

काल तू आणि जावईबापू आलात. आता मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाल्याचं तू सांगितलंस, पण देवळाची पायरी चढली नाहीस. आठ वर्षं देवीवर राग धरला आहेस.

तेव्हा तुझ्या केमोआधी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, पंधरा दिवसांत स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतील, पुढे आई होता येईल. डॉक्टरही तेवढं थांबायला तयार होते. तू एकोणीस वर्षांची. "बाबा, देवीक इचारा," म्हणालीस.

मी गावी येऊन, बीजांसाठी थांबायचं का म्हणून देवीला कौल लावला. तुझा फोन आला, "कौल खंयचो पडलो?"

"डावो."

"मगे रवांदे," म्हणून तू फोन ठेवलास, आणि लगेच केमो सुरू झाली.

उजवा पडला होता, बाय, देवीचा होकार. लवू गुरवाने पाषाणावरून गळलेलं उजवीकडचं फूल माझ्या हातावर ठेवलं होतं. पण तुझी आई याच दुखण्यात, उपचाराची वाट बघता बघता गेली. मला ते पंधरा दिवस झेपले नसते.

गुरव आता नाही. हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं ट्रंकेत, त्या फुलाच्या पुडीजवळ जाईल.

काल निघताना तू माझ्या पाया पडलीस आणि देवीकडे पाठ फिरवलीस. उलट करायला हवं होतंस.

तुझा,
बाबा