बाहेरची कडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

बबडे, हे पाकीट तू फोडलंस हेच मोठं नवल. आता वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरात जा आणि गॅसवर काय ठेवून आली आहेस ते बघ. मी थांबते. मला कुठे जायचंय.

आलीस? दूध होतं ना? तरी बरं.

मला इथे सोडताना तू म्हणालीस, आजी, रोज काय घडतं ते लिहून ठेव, तेवढाच वेळ जाईल. आजीला अक्षरओळख नाही, एवढंच विसरलीस. मोबाइल दिलास, त्याची वायर विसरलीस. तो काल दुपारीच डोळे मिटून पडलाय. इस्पितळाजवळ खोली शोधलीस, पण कोणत्या मजल्यावर आहे ते विचारायचं राहिलं. शेवटी दोन वॉर्डबॉयनी मला खुर्चीत बसवून वर आणलं. मी राणीसारखी हात हलवत आले. ते दोघे मात्र घामाघूम. आता गुडघ्याच्या ऑपरेशनची शिवण भरेपर्यंत जिना उतरायचा नाही, असं डॉक्टर म्हणाला.

पण खोली झकास आहे. रस्त्याकडे मोठी खिडकी, गज जाड पण उजेड भरपूर. पलंग मऊ. आणि भिंतीत एक गंमत आहे. चौकोनी दार उघडलं की आत लाकडाचं खोकं, दोराला टांगलेलं. खाली स्वयंपाकघरात ताट ठेवायचं, दोर ओढायचा, ताट वर. इथे त्याला पाळणा म्हणतात. माझी पत्र्याची ट्रंकसुद्धा पाळण्यातून आली, तुझ्या आजोबांच्या सगळ्या कपड्यांसकट. मी म्हटलं, दोर तुटेल हो. मालकीणबाई म्हणाल्या, हा दोर कधी तुटत नाही.

हे सगळं लिहिताहेत त्याच. साठीला टेकलेल्या, एकट्या, आणि मला आजी म्हणतात. जन्मभर कोर्टात साक्षी टिपून घेण्याची नोकरी केली. जे बोललं जाईल ते सगळं उतरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा. साक्षीदार शिंकला तर कंसात 'साक्षीदार शिंकतो' असं लिहीत. मी म्हटलं, मग मी ढेकर दिला तर? त्या म्हणाल्या, लिहीन.

रोजचं पान रोज पोस्टात पडणार आहे. तू ते फ्रिजवर ठेवून विसरून जाशील, तुझी विजेची बिलं तिथेच पिवळी पडतात, हेही मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या.

तुझ्या आत्याचंही सांगितलं. तिला सासरी धाडली तेव्हा तिची पत्रं सासू आधी वाचायची. म्हणून आम्ही मायलेकींनी ठरवलं होतं, सगळं ठीक असेल तर मध पाठव म्हणून लिहायचं, आणि मला घेऊन जा म्हणायचं असेल तर कांदे मागायचे. एकदा कांदे मागितले गेले. सासू हसून हसून बेजार, आमच्याकडे काय कांदे मिळत नाहीत? तिचं हसू ओसरायच्या आत मी दारात उभी होते. मालकीणबाईंना ही गोष्ट फार आवडली. पुन्हा सांगायला लावली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बबडे, खोली स्वस्त का मिळाली ते कळलं. तू मला खुनाच्या घरात ठेवलं आहेस.

घाबरू नकोस, जुना आहे खून. सकाळी खिडकीखाली गर्दी जमली. टोपीवाला गाईड हात वर करून घर दाखवत होता. पंचेचाळीसएक वर्षांपूर्वी भरदुपारी या घरात खालच्या जेवणाच्या टेबलाशी तीन माणसं मरून पडलेली सापडली. बाप, आई आणि बापाची बहीण. पातेल्यात उंदरांचं औषध. पुढचं दार आतून बंद, मागचंही आतून बंद, खिडक्यांना गज. मग औषध घालणारा गेला कुठून? घरात चौथं माणूस एकच, बारा वर्षांची मुलगी. ती वरच्या खोलीत, आणि खोलीला बाहेरून कडी. ती पोलिसांनी उघडली.

वरची खोली म्हणजे ही. कडी आल्या दिवशीच दिसली होती. बाहेरच्या बाजूला आहे म्हणून मी चेष्टाही केली होती, ही खोली कोणा चोरासाठी बांधली का. वाऱ्याने दार आपटतं, म्हणाल्या.

गाईड इरसाल आहे. शाळेची मुलं आली की खुनी मामा असतो. नवरा-बायकोंची जोडपी आली की एक भाडेकरू. म्हाताऱ्यांपुढे औषधविक्या. ज्याला जो पचेल तो.

मी मालकीणबाईंना विचारलं, तुम्हाला कोण वाटतं? म्हणाल्या, मी लिहिते फक्त. तुम्ही सांगा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुडघा ठणकतो, पण डोकं मजेत आहे. कालपासून खुनीच शोधतेय. आज मामाला धरलं. मामा जेवणाआधी आला, चवीला म्हणून पातेलं उघडलं, काम केलं, गेला. बाईंनी सगळं टिपलं आणि शांतपणे विचारलं, मग आतून कडी कोणी लावली? मामाला सोडावं लागलं.

ड्रेसिंगला येणारी नर्स हसतमुख पोरगी आहे. शिवण छान भरतेय म्हणाली. तिने जाता जाता सांगितलं ते मात्र घशाखाली उतरायला वेळ लागला. ती बारा वर्षांची मुलगी म्हणजे आमच्या मालकीणबाई.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मी त्यांच्याच आईबापांच्या खुनावरून कोडी घालत होते. माफी मागितली. त्या म्हणाल्या, आजी, मला आवडतं. लोक खिडकीखालून बोलतात, माझ्यासमोर कोणी बोलत नाही. तुम्ही बोला.

मग कडी का लावायचे, ते विचारलं. हट्टी होते, म्हणाल्या. आत्याला हट्टी मुली आवडत नसत. कधी संध्याकाळपर्यंत, कधी आठवडाभर. जेवण पाळण्यातून यायचं. कधी यायचं नाही.

पोर कसली ती. मी त्यांचा हात धरला. थंडगार होता, आणि पेन्सिल सोडत नव्हता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज भाडेकरू धरला आणि सोडला. दुपारी औषधविक्या धरला आणि सोडला. दरवेळी बाई एकच विचारतात, आतून कडी कोणी लावली. मी म्हटलं, तुम्ही कोर्टातल्या वकिलापेक्षा वाईट आहात. त्या म्हणाल्या, पन्नास पोलिसांनी विचार केला, वर्तमानपत्रांनी केला, पण सगळे दारातून आत कोण आलं यातच अडकले.

हे बोलताना त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी तू लहानपणी उखाणा घालून बघायचीस. उत्तर माहीत असूनही दम निघत नसायचा तुझा.

मोबाइलच्या वायरीचं पुन्हा विचारलं. दुकान बंद होतं म्हणाल्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सूप होतं आणि पाव. पाव मऊ, माझ्या हिरड्यांची काळजी घेऊन आणलेला. जेवून झाल्यावर रिकामं ताट पाळण्यात ठेवून मी बाहेरचा दोर ओढला, तर खोकं खाली जाईना. मग लक्षात आलं, खोक्याच्या आतल्या बाजूलाही दोर आहे. तो ओढला तर खोकं आपणहून सरकलं खाली. म्हणजे आत बसलेल्याला ओढता येईल असंच ते केलेलं. मी बाईंना गमतीने म्हटलं, अहो, पुढच्या खेपेला मीच बसून येते खाली, जिन्याची कटकट नको. तुम्हाला कशाला त्रास, ट्रंक आली त्यातून, माझ्याहून जड ती. मग मी तर काय, एखादी बारा वर्षांची पोर तर सहज

थांबा बाई. हे लिहू नका.

लिहिलंत?

लिहिलं म्हणाल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज काही सांगण्यासारखं नाही. मामा होता, बबडे. मामाच. मी नीट विचार केला. मामाने कडीला दोरा बांधून बाहेरून आतली कडी ओढली असणार, असं करतात लोक. मामाच.

बाई लिहून घेतात आणि म्हणतात, एकदा नोंदवलेली साक्ष दुसऱ्या साक्षीने पुसली जात नाही, दोन्ही राहतात.

रागावल्या नाहीत. तेच वाईट आहे. गणित बरोबर आलं म्हणून पाटी दाखवणाऱ्या पोरीसारखं तोंड झालंय. पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली, कोणीतरी हे म्हणेल म्हणून, असं म्हणाल्या. मग उठल्या, जाताना दार ओढून घेतलं. आणि बाहेरून —

वारा नव्हता आज.

रविवार, ९ नोव्हेंबर

नर्स आली होती. बाई वही घेऊन पलंगाशी उभ्या. मी नर्सचा हात दाबला, डोळ्यांनी दाराकडे दाखवलं. तिला वाटलं गुडघा दुखतोय. गोळी दिली. मी म्हटलं, पोरी, मला खाली ने, आत्ता. बाईंनी तेही लिहिलं. नर्स म्हणाली, सगळ्याच पेशंटना घाई असते आजी. गालाला हात लावून गेली.

जिन्यावर बाईंचा आवाज ऐकला. आता जखम सुकली आहे, यायची गरज नाही, पट्टी मी बदलीन, असं सांगत होत्या तिला. किती गोड आवाज. मीही तिच्या जागी असते तर विश्वास ठेवला असता.

जेवण पाळण्यातून आलं. तसंच खाली पाठवलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी गाईड आला. मी पलंग धरत धरत खिडकीपर्यंत गेले, शिवणीतून कळ आली पण गेले. गजातून हात काढून ओरडले, मला बाहेर काढा, बाहेरून कडी लावली आहे. गर्दीने वर पाहिलं. गाईडही पाहत राहिला, मग टोपी काढून वाकला आणि लोकांना म्हणाला, हे आमच्याकडे नवीनच सुरू झालंय. टाळ्या वाजल्या. फोटो काढले माझे.

बाई खाली हसत होत्या का, माहीत नाही. हे सांगताना समोर बसल्यात, हसत नाहीत.

विचारलं, पानं पोस्टात टाकता ना? म्हणाल्या, नोंदवलेला कागद दाबून ठेवायचा नसतो. रोज टाकते. तुमच्या नातीच्या फ्रिजवर आठवड्याची पाकिटं साठली असतील.

मीच सांगितलं होतं बाईंना. हसत हसत सांगितलं होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाणी नळाचं. तेवढंच.

ताट आलं. गेलं. आलं.

बाई म्हणाल्या, आजी, किती दिवस उपाशी राहाल. मी तेव्हा किती दिवस राहायचे, तुम्हाला सांगू का. मी नको म्हटलं. त्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतःचंच बोलणं लिहून घेतलं नाही, फक्त माझं घेतात. म्हणून मी सांगते — पोर भुकेली होती, बबडे. खाली जेवणाचा वास येत होता. तिची आत्या म्हणाली होती, माफी मागशील तेव्हा पाळणा वर येईल. पाळणा वर आला नाही, तर पोर —

तिने दोर आपणच ओढला. पाळण्यात बसून खाली गेली, आणि तशीच वर आली.

वाईट वाटतं गं. हात धरावासा वाटतो अजून. आणि ताटाकडे बघितलं की —

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज पाळणा दुपारी वर आला, जेवण नव्हतं त्यात. रिकामा. दार उघडं. बाई म्हणाल्या, खाली जायचंय ना? बसा. ट्रंक मावली होती.

बसले नाही. दोर खालूनही ओढता येतो. आणि मध्येच सोडताही येतो.

गुडघा सुजलाय. उभं राहवत नाही.

पेन्सिलीचा आवाज. माझ्या प्रत्येक श्वासाला —

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लिही बाई. तू काही गाळत नाहीस, तुझा बाणा आहे. शिंक गाळली नाहीस, ढेकर गाळला नाहीस, ते ट्रंकेचंही गाळलं नाहीस. आजही गाळणार नाहीस. तुला ही गोष्ट आवडली होती. पुन्हा सांगायला लावली होतीस.

बबडे. ऐक. पाकीट फोडलं असशील तर आता गॅसकडे जाऊ नकोस. दूध जाऊ दे उतू.

कांदे पाठव.

मध नको. कांदे. चांगले मोठे. पोस्टाने नको, तुझ्या हाताने आण, आत्ता निघ, येताना त्या नर्सला घे, दोन्ही वॉर्डबॉयना घे, जिना चढून वर ये आणि कडी उघड, बाहेरून आहे, आणि खाली स्वयंपाकघरात काही दिलं तर खाऊ नकोस, पाणीसुद्धा नको, आणि कांदे आणायला विसरू —