मायना नको

प्रिय डस्टिन,

तुला लिहिलेलं माझं हे पहिलंच पत्र. नऊ वर्षं माझा जावई आहेस, आणि नाताळच्या कार्डावर मी दरवर्षी एकट्या कॉरिनचंच नाव घातलं. केंटकीतल्या या गावात चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांना पत्ते कसे लिहावेत ते शिकवणारा मी! ती चूक नव्हती, खोडसाळपणा होता.

तू पहिल्यांदा जेवायला आलास तो रविवार आठवतो? दारातूनच ‘काय वेन्डेल, कसं काय?’ म्हणालास आणि टोपीसकट टेबलाशी बसलास. माझं डोकंच फिरलं. या घरात मला मिस्टर टॅकेट म्हणतात आणि टोप्या खुंटीवर टांगतात, असं मी सुनावलं, तेव्हा कॉरिन हसतच सुटली. ‘डॅड, तुम्ही ना, स्वर्गात गेलात तर दारावरच्या संतालाही आधी टाय लावायला सांगाल!’ तू मुकाट्याने टोपी काढलीस. त्यानंतर मला मिस्टर टॅकेटच म्हणत आलास, पण तुमचं येणंजाणं कमी झालं. तुझं काही चुकलं नाही.

मग एप्रिलात तिचा मेसेज आला. ‘बरं नाहीये. येऊन जा ना.’ बस्स, एवढंच. वर मायना नाही, खाली नाव नाही. बापाला बोलवायची ही रीत झाली? मी फणकारलो. तीन दिवस फोनला हात लावला नाही, आणि मग चांगल्या कागदावर दोन पानं खरडली. वडीलधाऱ्यांना कसं बोलवावं, आमच्या वेळी कसं बोलवत, सगळं पुराण. शेवटी लिहिलं, रीतसर बोलावणं आलं की निघतो. अरे, दोन तासांची तर वाट! गाडी दारात उभी होती. डॅड घाबरतील, आजाराचं त्यांना कळवू नको, असं तिनेच तुला बजावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कॉरिनला घेऊन स्मशानाकडे जाताना, अंत्ययात्रेला मान द्यायला वाटेतल्या गाड्या पूर्वीसारख्या कडेला थांबत नव्हत्या, म्हणून मी पुढच्या सीटवरून करवादत होतो. मागे वळून पाहिलं, तर तू टोपी छातीशी धरून बसला होतास. गाडीतच तू मला तिचा कागद दिलास. ‘प्रिय डॅड, आपलं पत्र मिळालं. आपण कृपा करून’ इथवरच. अक्षर शाळेतल्यासारखं नीट, शेवटचे शब्द तेवढे खाली घसरलेले. तू म्हणालास, ‘दोन दिवस लिहीत होती. म्हटलं, मी फोन लावतो, तर म्हणाली, नको, त्यांना असंच लागतं.’ डस्टिन, माझ्या लेकीचे शेवटचे दोन दिवस मी असे खाल्ले. याला क्षमा नाही, आणि मी ती मागतही नाही.

हे सगळं तुला ठाऊकच आहे. मग पत्र कशाला? ओपलसाठी. त्या दिवशी चर्चच्या दारात तुझी सहा वर्षांची पोर माझ्यापुढे आली, हात पुढे केला आणि म्हणाली, ‘आल्याबद्दल आभारी आहोत, मिस्टर टॅकेट.’ एक शब्द चुकला नाही. मला बरं वाटावं म्हणून तूच शिकवलं असशील. मी तिचा हात हातात घेतला आणि मला रडू आवरेना. सख्खी नात माझी, आणि मी तिला परका पाहुणा! मला एका रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ दे. तू टोपी घालूनच जेव. तुम्हा दोघांच्या तोंडात जे येईल त्या नावाने मला हाक मारा. उत्तराला पत्र नको, तेवढी वाट बघवणार नाही. फोनवर नुसतं ‘ये’ लिही, ओपललाच लिहू दे. मायना नको, सही नको. गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.

तुझाच,
वेन्डेल