‘भुंग्या’ या नावाची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. माझे मन ठिकाणावर आहे. ते स्वच्छ आहे असे मात्र लिहून देता येत नाही. का, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी पत्नीला मिळाव्यात. यावर मला विचार करावा लागला नाही.

२. माझ्या रोजनिश्या, एकूण बावीस वह्या, मुलीला द्याव्यात. वाचायची सक्ती नाही. अकराव्या वहीत तिच्या गणिताच्या मार्कांवरून मी जे लिहिले, ते दुसऱ्याच दिवशी खोडले होते. पण नीट वाचता येते. त्याबद्दल माफी असावी.

३. मेण कोरायच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि पॉलिशचे मशीन लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंना द्यावे. लाकडी मुठीची सुरी त्यांनी दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखे केले. लॅबचे मालक, म्हणजे आमचे डेंटिस्ट, यांना काहीही देऊ नये. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका असे वकील म्हणाले तेव्हा मला बरे वाटले.

४. लव्हबर्ड. हिरवा, तोंड नारिंगी, चोच लाल. मुलगी हॉस्टेलला जाताना आणून ठेवून गेली. नाव शोधायचे काम पत्नीने माझ्यावर सोपवले. “नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार?” असे म्हणाली.

लव्हबर्ड नर की मादी हे नुसते बघून कळत नाही. म्हणून दोघांनाही चालेल असे, छोटे, लांबून हाक मारता येईल असे नाव मला हवे होते. मी एकतीस नावांची यादी केली. आमच्या कामात कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात ट्रायल घेतात. पटले नाही तर मेण वितळवायचे, पुन्हा बसवायचे. मी तेच केले. एक नाव, एक आठवडा. पिंजऱ्याला चिठ्ठी, वहीत नोंद. अकरा आठवड्यांत अकरा नावे झाली आणि पक्षी एकालाही मान वळवेना. चूक माझी. मेणाला आधीचा दात आठवत नाही, पक्ष्याचे तसे नसावे.

“अहो, कवळी आहे का ती?” पत्नी म्हणाली. “बिचाऱ्याला वाटत असेल, दर सोमवारी आपल्या जागी नवीनच कोणीतरी आलंय.”

बाराव्या सोमवारी मी कामावरून आलो, तेव्हा ती पिंजऱ्यासमोर उभी राहून म्हणत होती, “भुंग्या, ये रे, खांद्यावर बस.” तो बसला. पहिल्या हाकेला.

भुंग्या हे माझे नाव आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनेच ठेवले, कारण मेण कोरताना मी गुणगुणत असे. तेव्हा ती मला अरे-तुरे करायची.

“पक्ष्याला कीटकाचं नाव?” मी म्हणालो. “आणि ते माझं आहे.”

“होतं. तुम्हीच टाकलंत. नऊ वर्षं नुसतं पडून होतं. एवढं चांगलं नाव वाया का घालवायचं?”

हे खरे आहे का ते पाहायला मी तेरावी वही काढली. खरे आहे. नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी तिने लॅबच्या दारातून “भुंग्या, डबा विसरलास!” अशी हाक मारली. डेंटिस्ट पोट धरून हसले, आणि पुढे आठवडाभर सगळी लॅब मला भुंगा म्हणत होती. घरी येऊन मी तिला म्हणालो, “चारचौघांत शोभतं का हे?” मी चारचौघांत म्हणालो होतो. तिने घरातही सोडले. दुसऱ्या दिवसापासून ‘अहो’. गुणगुणणेही तेव्हाच थांबले असावे. वहीत मी लिहिले आहे: ‘बरे झाले, ऐकले तिने.’

पक्ष्यावर माझा जळफळाट होतो, हे मी शपथेवर लिहितो. तो तिच्या कॉलरमध्ये डोके खुपसून झोपतो. टोस्टचा कडक कोपरा पूर्वी मला मिळायचा, आता त्याला मिळतो. मागच्या रविवारी मी मोजले: ‘भुंग्या’ सव्वीस वेळा, ‘अहो’ चार वेळा, त्यांतले दोन मी दारातून बाजूला व्हावे म्हणून. पन्नास ग्रॅमच्या जिवाचा हेवा करताना माझी मलाच लाज वाटते. पण गुरुवारी काही बरेवाईट झाले, तर ती हाक पुन्हा ऐकायची राहून जाईल. ऑपरेशनपेक्षा मला त्याचीच भीती आहे. म्हणून:

माझ्या मृत्यूनंतर पक्ष्याचे नाव बदलावे आणि ‘भुंग्या’ हे नाव कोणालाही देऊ नये. (ही ओळ रद्द. बाजूला सही केली आहे.)

रद्द करण्याचे कारण: तिच्या पाठीमागे असे काही लिहिणे बरोबर नाही, म्हणून मी ती ओळ तिला वाचून दाखवली. ती पिंजऱ्यातली वाटी धूत होती. धुऊन झाल्यावर म्हणाली, “आणि मग मी हाक कोणाला मारू?” वाटी जागेवर लावून ती आत गेली.

५. पक्षी आणि त्याचे नाव, दोन्ही पत्नीचे. मी आहे तोवर नावात माझा अर्धा हिस्सा असावा, ही विनंती. विनंतीला कायद्यात किंमत नसते, हे मला माहीत आहे.

हे कलम लिहीत असतानाच स्वयंपाकघरातून हाक आली: “भुंग्या, चहा घेतोस का रे?”

आम्ही दोघांनीही माना वळवल्या. पक्षी चहा पीत नाही. मी “हो” म्हणालो.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. कलम चार मोठे झाले आहे, पण कमी करत नाही.

साक्षीदार:
१. डेंटिस्ट (सही करताना हसले, या वेळी मी मनावर घेतले नाही)
२. खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई

ठिकाण: घरची गॅलरी, पिंजऱ्याशेजारी
तारीख: ऑपरेशनआधीचा रविवार

मृत्युपत्र करणाराची सही, ऊर्फ भुंग्या (थोरला)