पहिली मोसंबी

सोनई,
ता. ३ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. कृपा हीस आमोसदादाचा सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या मोसंबीला यंदा पहिल्यांदाच फळ धरलं. एकच, पण त्याने घर डोक्यावर घेतलंय. पहिलं फळ प्रभूचं, ते उपकारस्तुतीच्या सणाला चर्चमध्येच जाणार, असं आईने पक्कं केलंय. इकडे शेजारच्या छबूबाईने तेच फळ देवीला बोललेलं! उन्हाळ्यात आम्ही सगळे तापाने आडवे होतो, तेव्हा तिनेच स्वतःच्या विहिरीचं पाणी घालून झाड जगवलं. झाड तगलं तर पहिलं फळ देवीला वाहीन, असा नवस तिने तेव्हाच केला होता म्हणे.

दोघींचं बोलणं बंद आहे. इतक्या वर्षांचं सख्य, आणि आता छबूबाई दिसली की आई दार लावते नि आत बसून डोळे पुसते. मला बघवत नाही गं. काय करावं ते लौकर कळव. लहानग्यांना पापे.

तुझा दादा,
आमोस

देवळाली प्रवरा,
ता. ७ नोव्हेंबर १९४६

ति. आमोसदादास कृपाचे सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग आईसाठी जीव तुटला. अरे, पहिल्या फळांची टोपली वेदीपुढे ठेवली की आपल्यात राहणाऱ्या परक्यानेही आनंद करावा, असं शास्त्रच सांगतं. छबूबाई तर परकीसुद्धा नाही. तिच्या हातच्या भाकरी खाऊन आपण वाढलो. तिला सणाला बोलाव.

आणि वेडोबा, प्रार्थना झाली की अर्पणाच्या फळांचा लिलाव होतो, हे विसरलास? पुढचं सुचलं नाही तर वहिनीला विचार. घरातली अक्कल तिच्याकडेच आहे.

आईला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कृपा

सोनई,
ता. १८ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. कृपा हीस सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीने छबूबाईला गाठून सगळं समजावलं. काल ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली नि अगदी मागे, दाराशी बसली. आईने फळ वेदीपुढे ठेवलं. प्रार्थना झाली, लिलाव सुरू झाला, तशी छबूबाईने उभं राहून पायलीभर बाजरीची बोली लावली. मोझेसमास्तरांना मोसंबी लई प्रिय. ते वर बोलणार तोच आई त्यांच्यावर अशी खेकसली की मास्तर मटकन खालीच बसले!

मग आईने स्वतः फळ उचलून छबूबाईच्या ओटीत घातलं. आमचं देऊन झालं, आता तुझं दे, उशीर करू नको, असं म्हणाली. छबूबाई तर हमसून रडली. मीही रडलो, लपवत कशाला?

दोघी तशाच देवीच्या देवळाकडे निघाल्या. आई आत गेली नाही. पण छबूबाई बाहेर येईपर्यंत तिच्या वहाणा राखत पायरीशी उभी होती.

सर्वांस सलाम. नाताळला या, वाट बघतो.

तुझा दादा,
आमोस