शामकलाचा सत्कार

३ डिसेंबर
सत्कार! नक्षल्यांचं दलम सोडून परत आलेल्या शामकलाचा आज शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, नारळ, गुच्छ. पोलिसांचे साहेब म्हणाले, "ताई मुख्य प्रवाहात आल्या." ताई! आठवीपर्यंत ती माझ्या बाकावर बसायची. मग जंगलात गेली, बंदूक घेतली. आणि तिच्याच दलमनं माझ्या योगराजदादाला पोलिसांचा खबऱ्या म्हणून मारलं. नऊ वर्षं झाली. त्याच्यासाठी कुणी शाल आणली होती?

४ डिसेंबर
आई म्हणते, "जाऊ दे व दुर्गे." काय जाऊ दे!

७ डिसेंबर
सगळं गाव तिला भेटून राहिलं आहे. बचत गटातल्या बाया तर तिला शिलाई शिकवणार म्हणे! दादा गेला तेव्हा आमच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं. दलमची भीती, पोलिसांचीही. बाबांना ठाण्यात नेऊन दिवसभर बसवलं ते वेगळंच. दलमवाले यायचे ते भात मागायचे, पोलिस यायचे ते विचारायचे, भात काऊन दिला? धान लावणाऱ्या माणसांनी करायचं काय?

९ डिसेंबर
हापशीवर गाठलंच तिला. बाया होत्या, तरी विचारलं —
"काऊन मारलं माझ्या भावाले?"
"मी नव्हती तिथं, दुर्गे."
"मंग नाव कोणी सांगतलं त्याचं?"
खाली बघत म्हणाली, "गावातूनच समजलं होतं."
कुणाकडून ते सांगेना. चार-चारदा विचारलं. शेवटी तिची घागर मी लाथेनं उलटवली. तिनं घागर उचलली, पुन्हा भरायला लागली. मला लाज वाटत नाही!

१० डिसेंबर
गावातूनच! आज दुकानात खेमराज तेल मोजून देत होता, मी त्याच्या तोंडाकडेच बघत राहिले. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून दादाशी भांडला होता तो, हातघाईवर आला होता. तोच! दुसरं कोण असणार? आईला सांगून टाकलं — उद्या ठाण्यात जाते, खेमराजचं नाव देते. आई जेवलीच नाही.

११ डिसेंबर
निघाले तर आई दारात आडवी.
"खेमराज नाही व बाई. मीच बोलली होती. दलमवाले आपल्या घरी जेवाले बसले होते. भात वाढता वाढता सांगतलं, माझा पोरगा पोलिसात लागणार हाय. कवतुकानं बोलली व... शामकला तिथंच बसली होती. तिले माहीत हाय."