डाव्या हाताचं पत्र

प्रिय सेरवा,

कुमासीच्या दवाखान्यातून तुझ्या नवऱ्याचा तुला आणि आपल्या अंगणाला नमस्कार.

मी बरा आहे, जेवण जातं. शेळ्या कोरड्यात बांधतेस ना?

इथे छातीच्या गाठीसाठी सगळ्या बायकाच आहेत, पुरुष मी एकटा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय हो म्हातारबा, कितवं बाळंतपण?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. गावात मात्र छातीत कफ झालाय असंच सांग.

काल डॉक्टरीणबाईंनी माझी उजवी काख चाचपली आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनाही तिथे गाठी लागल्या. आता छातीतल्या गाठीबरोबर काखेतल्याही काढणार. "किती?" मी विचारलं. "उघडल्यावर कळेल, बाबा." त्यानंतर हात कायमचा सुजू शकतो म्हणे. त्या म्हातारीचा हात सुजून मांडीएवढा झाला होता, उशीवर ठेवून निजायची. आज तिची खाट रिकामी आहे. कुठे गेली विचारलं, तर नर्स चादर बदलत राहिली.

उजवा हात उचलेनासा झाला तर मयतीला लोकांशी हात कसा मिळवू? डावा पुढे केला तर आपली माणसं तोंड फिरवतील.

उद्या सकाळी मला आत नेणार आहेत. वेडंवाकडं अक्षर बघून घाबरू नकोस. सवय व्हावी म्हणून हे डाव्या हाताने लिहिलंय. डाव्या हाताने दिलेलं कुणी घेत नाही, मला ठाऊक आहे. तू एवढं घे.

तुझाच,
अंतवी